रकाने पंधरा, निर्णय शून्य

बसा. तुमची फाइल मी वाचली आहे, ओळ न् ओळ वाचली आहे. त्यामुळे कुणी उठून "मॅडम, थोडं समजावून सांगू का" असं म्हणायची तसदी घेऊ नका. आज मी बोलणार आहे.

काम काय दिलं होतं? पाच सार्वजनिक ग्रंथालयांनी आपापली जुनी मराठी पुस्तकं स्कॅन केली आहेत. त्यांच्या नोंदी एकत्र आणा आणि पाचही जणांना पाळता येईल असं मेटाडेटाचं सामायिक मानक तयार करा. तुम्ही आणलात एक्सेलचा तक्ता. वर पंधरा रकाने, "डब्लिन कोअरनुसार" असा ठळक मथळा, आणि खाली पाच ग्रंथालयांच्या नोंदी आल्या तशा एकाखाली एक चिकटवलेल्या. शेवटी निवेदन: "मानकीकरण पूर्ण." ताटं मांडली म्हणून पंगत जेवून उठली, असं कुणी म्हणत नाही.

तो तक्ता मी वर्षाच्या क्रमाने लावला. सगळ्यात वर कोणतं पुस्तक आलं, सांगा बघू. नाही सांगता येणार, कारण तुम्ही तो एकदाही क्रमाने लावून बघितलेला नाही. प्रकाशनवर्ष १८०५, ठिकाण मुंबई, छापखाना निर्णयसागर. अहो, १८०५ म्हटलं की विल्यम केरीचं मराठी व्याकरण आठवायला हवं, आणि तेही छापलं गेलं बंगालात, श्रीरामपूरला. निर्णयसागरच्या जावजी दादाजींचा जन्म १८३९ चा. म्हणजे जन्माच्या चौतीस वर्षं आधी त्यांनी पुस्तक छापून ठेवलं, असं तुमची नोंद सांगते, आणि इतक्या जणांतून एकाच्याही भुवया वर गेल्या नाहीत! पुस्तकावर "शके १८०५" असं स्वच्छ छापलेलं आहे. तुम्ही शके सोडलं आणि आकडा उचलला.

शकात अठ्ठ्याहत्तर मिळवायचे हे शाळेतलं पोरही सांगेल. पण तेवढ्यानेही भागत नाही. शक बदलतो चैत्रात. शके १८०५ म्हणजे १८८३ चा एप्रिल ते १८८४ चा मार्च. महिना छापलेला नसेल तर यातलं कोणतं साल ते तुम्हाला ठरवता येत नाही, आणि ठरवायचंही नाही. अशा वेळी "१८८३/१८८४" असं लिहायची रीतसर सोय आहे. तारखा लिहिण्याचं जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ८६०१, त्याच्या २०१९ च्या दुसऱ्या भागात कालावधी कसा लिहायचा, अंदाजे साल कसं, शंकास्पद साल कसं, हे सगळं दिलं आहे. परीक्षेत त्यावर टीप लिहून गुण मिळवलेत की तुम्ही. ती टीप उत्तरपत्रिकेत राहिली आणि नोंदीत १८०५ आलं.

त्याच यादीत दुसऱ्या ग्रंथालयाची शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची पुस्तकं २०१४ सालची आहेत. का? तर त्या साली ती स्कॅन झाली. आणि लेखकाच्या रकान्यात काय, तर "अ‍ॅडमिन". काही ठिकाणी स्कॅनिंगचं कंत्राट घेतलेल्या माणसाचं नाव. मूळ पुस्तक ही एक वस्तू आणि त्याची पीडीएफ ही दुसरी वस्तू. पुस्तकाचा लेखक, पुस्तकाचं साल एकीकडे. पीडीएफ कधी झाली, कुणी केली, किती मोठी आहे हे दुसरीकडे. या दोन्हींचं एकाच ओळीत कडबोळं केलंत तर वाचकाने काय समजायचं? वर आणखी, काहींनी साल देवनागरी अंकांत लिहिलं आणि काहींनी इंग्रजी अंकांत. संगणकाला ते दोन निराळे वाटतात. तुमच्या यादीत एकोणिसावं शतक दोनदा येऊन जातं.

आता मूळ मुद्दा ऐका. डब्लिन कोअर या मेटाडेटा मानकाचा जन्म १९९५ साली, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या डब्लिन गावच्या बैठकीतून. (अहवालात आयर्लंड लिहिणाऱ्याने मान खाली घालायला हरकत नाही.) ते मुद्दामच तोकडं ठेवलेलं आहे. त्यातला एकही रकाना सक्तीचा नाही, प्रत्येक रकाना हवा तितक्या वेळा वापरता येतो. "तारीख" असा रकाना ते देतं. कोणती तारीख, कोणत्या सनात, माहीत नसेल तर काय, दोन असतील तर कोणती आधी, यातलं एक अक्षरही ते सांगत नाही. ते तुम्ही ठरवायचं असतं. पाच ग्रंथालयांची माणसं एका टेबलाभोवती बसवून, वाद घालून, लिहून ठरवायचं असतं. सामायिक मानक म्हणजे तो ठराव. तो तुम्ही केलाच नाहीत. मानकाचं नाव मथळ्यात लिहिलंत आणि एकूण एक निर्णय टाळलेत.

बरं, रकाना हवा तितक्या वेळा वापरता येतो म्हटलं, तरी तीन-तीन लेखक स्वल्पविराम देऊन एकाच चौकटीत कोंबलेत. आडनाव आधी लिहिणाऱ्या ग्रंथालयाच्या नोंदीतही स्वल्पविराम आहेत. मग "जोशी, लक्ष्मण" हा एक माणूस की दोन? संगणक सांगू शकत नाही. मला तरी सांगता येतं का?

नावांवर आलोच आहोत तर ऐका. तुमच्या तक्त्यात रोमन लिपीत "व्ही. के. राजवाडे" नावाचा एक लेखक आहे. त्याच्या नावावर मराठ्यांच्या इतिहासाची साधनंही आहेत आणि यास्काच्या निरुक्तावरचं कामही आहे. मोठा अष्टपैलू माणूस म्हणायचा! ती दोन माणसं आहेत. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ, आणि त्यांचे थोरले बंधू, वेदविद्येचे अभ्यासक वैजनाथ काशिनाथ. बाप एक, आडनाव एक, आणि रोमनमध्ये आद्याक्षरंही एकच. देवनागरीत वि. का. आणि वै. का. असा फरक दिसत होता. तुम्ही काय केलंत, तर "एकसारखेपणासाठी" सगळी नावं रोमनमध्ये घातलीत आणि असलेला फरक पुसलात. एका ग्रंथालयाने तो नीट जपला होता. तुमच्या हातात आल्यावर तो गेला. सामायिक करताना नोंद आधीपेक्षा वाईट होत असेल, तर त्या पाचांना आपापल्या कपाटात सुखाने राहू द्यायला काय हरकत होती?

याच्या उलट प्रकारही केला आहेत. विभावरी शिरूरकर, मालतीबाई बेडेकर, बाळूताई खरे: तीन ग्रंथालयं, तीन नावं, आणि तुमच्या यादीत तीन लेखिका. बाई एकच. माहेरचं नाव, सासरचं नाव आणि टोपणनाव. मराठीत हे अपवादाने होत नाही, पावलोपावली होतं. गडकरी नाटकांवर राम गणेश, कवितेत गोविंदाग्रज, विनोदात बाळकराम. शिरवाडकर आणि कुसुमाग्रज, खानोलकर आणि आरती प्रभू, ठोंबरे आणि बालकवी. ज्या भाषेत निम्मी कविता टोपणनावाने लिहिली गेली, तिच्या ग्रंथपालांना व्यक्तीसाठी एक ठरलेला क्रमांक आणि त्याखाली तिची सगळी नावं ठेवण्याचं महत्त्व मी सांगावं? पुस्तकावर छापलेलं नाव तसंच्या तसं एका रकान्यात ठेवा. कुणी ते बदलायचं नाही. आणि शेजारच्या रकान्यात त्या व्यक्तीचा क्रमांक द्या. बऱ्याच जणांना विकिडेटावर आणि व्हीआयएएफ या आंतरराष्ट्रीय नामसूचीवर तो आधीच दिलेला आहे. ज्यांना नाही त्यांच्यासाठी पाचही ग्रंथालयांची मिळून यादी करा. नावापुढे जन्म-मृत्यूची सालं लिहा. राजवाडे बंधू त्यानेच वेगळे राहतील.

मृत्यूचं साल म्हटल्यावर कुणीतरी पुटपुटलं, "ते कशाला?" हक्कांचा रकाना भरताना ते लागतं म्हणून! तुम्ही सरसकट सगळीकडे "सर्व हक्क राखीव" लिहिलंत. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले. त्यांचं लेखन १ जानेवारी २०११ पासून सगळ्यांना खुलं आहे. "श्यामची आई"वर "सर्व हक्क राखीव" हे लिहिणारे तुम्ही कोण? आणि आता मालतीबाईंकडे या. "कळ्यांचे निःश्वास" १९३३ चं. टोपणनावामागचं माणूस माहीत नसेल तर साठ वर्षं प्रकाशनापासून मोजतात. म्हणजे हक्क कधीच संपला, असं तुमच्या यादीवरून कुणीही समजेल. पण त्या कोण होत्या हे पुढे उघड झालं, आणि त्या गेल्या २००१ साली. मग हक्क २०६१ च्या अखेरपर्यंत. नावांचे तीन तुकडे तीन ओळींत पडून राहिले की एखादं ग्रंथालय बेकायदा पुस्तक खुलं करून बसतं, हे आलं का ध्यानात? हक्क सांगण्यासाठी ठरीव शब्दांत लिहिलेली बारा विधानं आहेत. युरोपियाना आणि अमेरिकेतली डिजिटल पब्लिक लायब्ररी यांनी ती मिळून केली, २०१६ पासून वापरात आहेत. त्यांतलं एक निवडा. स्वतःचं वकिली मराठी पाजळू नका.

तुमच्या यादीतला सगळ्यात जास्त पुस्तकं लिहिणारा मराठी लेखक कोण, ते मोजलंत? मी मोजलं. "नॉट अव्हेलेबल." त्याच्या पाठोपाठ "अज्ञात", मग "एनए", मग एक आडवी रेघ. लेखकाचं नाव पुस्तकावर नाही, हे एक. पान फाटलंय म्हणून दिसत नाही, हे दुसरं. आणि तुम्ही उघडून बघितलंच नाही, हे तिसरं. तिन्हींना एकच शब्द लावून तुम्ही तिसरं पहिल्याच्या आड लपवता. रकाना कोरा ठेवा, मी काही म्हणणार नाही. कोरी जागा पुढच्या माणसाला सांगते की इथे काम शिल्लक आहे.

शीर्षकांचं काय सांगू! "श"खाली अर्धं ग्रंथालय. श्रीज्ञानेश्वरी, श्री ज्ञानेश्वरी, श्रीमत् ज्ञानेश्वरी, सार्थ श्री ज्ञानेश्वरी. "भ"मध्ये भावार्थदीपिका एकटीच बसली आहे, ती आणि ज्ञानेश्वरी एकच ग्रंथ हे तिला कुणी सांगितलेलंच नाही. वि. का. राजवाड्यांनी संपादन केलेली १९०९ ची प्रत एका ठिकाणी राजवाड्यांच्या नावावर, एका ठिकाणी ज्ञानेश्वरांच्या. शीर्षकपृष्ठावर आहे ते शीर्षक जसंच्या तसं, "कांहीं"वरच्या अनुस्वारांसकट उतरवा. १९६२ च्या लेखननियमांच्या आधीचं पुस्तक आहे, त्याला तुमच्या नियमाने शुद्ध करायला जाऊ नका. आणि आजचा वाचक ज्या लेखनाने शोधेल ते पर्यायी शीर्षकात द्या. डब्लिन कोअरच्या विस्तारित शब्दांत पर्यायी शीर्षकाची सोय आहे. त्यावर ग्रंथाचं एक ठरलेलं नाव द्या, म्हणजे सगळ्या ज्ञानेश्वऱ्या एकत्र सापडतील. छापलेलं एकीकडे, शोधायचं दुसरीकडे. तारखेला हेच, नावाला हेच, शीर्षकाला हेच. एवढं एक तत्त्व डोक्यात ठेवलं असतंत तर निम्मा तक्ता सुधारला असता.

तुमच्यातल्या एका हुशाराने आणखी एक पराक्रम केला. प्रकाशनस्थळाच्या रकान्यात "शोधा आणि बदला" चालवून "औरंगाबाद"चं सरसकट "छत्रपती संभाजीनगर" केलं. गावाचं आजचं नाव काय हे शासन ठरवेल, त्याचा रकाना वेगळा ठेवा. पण १९७० साली छापलेल्या पुस्तकावर काय लिहिलं आहे हे ते पुस्तकच सांगेल. हाच नियम पुण्याच्या "पूना"ला आणि मुंबईच्या "बॉम्बे"ला. पुढे चला.

"भाषा: मोडी." हे वाचून मी फाइल मिटली होती. मोडी ही लिपी आहे! तंजावरच्या सरस्वती महालात मोडी कागदांचे रुमाल आहेत, त्यांची भाषा मराठी आहे. भाषेला दोन अक्षरी किंवा तीन अक्षरी ठरलेला संकेत असतो, लिपीला चार अक्षरी. मराठी देवनागरीत, मराठी मोडीत, हे दोन संकेत जोडून नेमकं लिहिता येतं. मोडीला २०१४ पासून युनिकोडमध्येही जागा आहे. गोव्यात रायतूरला १६१६ साली फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं, भाषा मराठी आणि लिपी रोमन. गोव्यातल्या एखाद्या ग्रंथालयाला उद्या तुमच्यात यायचं असेल, तर भाषा आणि लिपी एकाच रकान्यात घातलेल्या या तक्त्यात तो ग्रंथ कुठे बसवणार? मोडी कागदांवरचा शुहूर सन तर अंकांत नसतोच, अरबी शब्दांत लिहिलेला असतो. त्याचं काय करायचं, हा प्रश्नसुद्धा तुमच्या अहवालात कुठे आलेला नाही.

आता एक बारीक गोष्ट, जी तुम्हाला दिसतच नाही म्हणून जास्त घातक. "दऱ्या" शब्द शोधला. दोन ग्रंथालयांची पुस्तकं आली, तिसऱ्याचं आलं नाही. पडद्यावर तिन्ही शब्द हुबेहूब एक. पण पहिल्या दोघांनी "ऱ" हे स्वतंत्र अक्षर वापरून लिहिलं आहे, तिसऱ्याने साधा र, पाय मोडून, पुढे न दिसणारं जोडचिन्ह घालून. संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. ते न दिसणारं चिन्ह एका फाइलमधून दुसरीत नेताना गळून पडतं, आणि मग "दऱ्या"चं "दर्या" होतं. डोंगरातून थेट समुद्रात! म्हणून "ऱ" घ्या, आणि तसं लिहून ठेवा. चौथ्या ग्रंथालयाच्या नोंदी तर जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेल्या, त्या तुमच्या तक्त्यात इंग्रजी अक्षरांचा चिवडा होऊन उतरल्या आहेत. तो चिवडा तुम्ही बघितलात, आणि तसाच ठेवलात. का, तर "फाइलमध्ये तसंच आलं."

हे सगळं कठीण आहे, मराठीला जमत नाही, वगैरे मला सांगू नका. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९६२ साली दिल्लीत कार्यालय उघडलं. भारताला विकलेल्या गव्हाच्या बदल्यात अमेरिकेचे जे रुपये इथे साठले होते, त्यांतून आपल्या भाषांतली पुस्तकं विकत घेतली गेली आणि तिकडच्या विद्यापीठांत गेली. मराठीही गेली. त्यांचं रोमनीकरण आपल्याला विचित्र वाटतं, आपण उच्चारत नाही ते अकार ते सगळे लिहितात. पण नियम एक आहे, छापलेला आहे, आणि शिकागोत बसलेला माणूस व वॉशिंग्टनमध्ये बसलेला माणूस राजवाडे हे नाव एकाच तऱ्हेने लिहितो. आपल्या लिपीतलं मूळ रूप ठेवायलाही त्यांच्या मार्क नोंदीत वेगळी जागा आहे, ८८० क्रमांकाची. ज्यांना मराठी बोलता येत नाही त्यांनी मराठीसाठी नियम केले आणि पाळले. तुम्ही मराठीत स्वप्नं बघता, आणि तुम्हाला एक नाव पाच ठिकाणी सारखं लिहिता येत नाही.

आणि शं. ग. दाते? १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी पुस्तकांची त्यांची सूची १९४३ साली निघाली, पुढचा खंड १९५० पर्यंतचा. संगणक नव्हता, झेरॉक्स नव्हतं. मी वाचत होते आणि वाट बघत होते की कुठेतरी, एखाद्या तळटीपेत तरी, तुम्ही आपल्या नोंदी दात्यांच्या सूचीशी ताडून बघितल्याचं दिसेल. नाही दिसलं. ते शके १८०५ चं पुस्तक तिथे शोधलं असतंत तर तिथल्या तिथे चूक कळली असती. ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात ती सूची आहे. कपाटाला कुलूपही नसतं.

सगळ्यात मोठं नुकसान मात्र नियतकालिकांच्या बाबतीत केलं आहेत, आणि त्याबद्दल मला खरोखरच राग आहे. विविधज्ञानविस्तार १८६७ पासून निघत होतं. एकाही सार्वजनिक ग्रंथालयाकडे त्याचा अखंड संच असेल अशी आशा मी ठेवत नाही. वाळवी, पूर, स्थलांतर, उसनं नेऊन परत न करणारे सभासद, या सगळ्यांतून जे उरलं ते उरलं. एकाकडे सुरुवातीची वर्षं, दुसऱ्याकडे मधली, तिसऱ्याकडे सुटे अंक. अशा वेळीच सामायिक नोंदीचा खरा उपयोग. पाचांचं एकत्र मांडलं की कळतं, संच कुठे पुरा होतो आणि कोणता अंक कुणाकडेच नाही. मग तो शोधायला माणसं बाहेर पडू शकतात.

तुमच्या तक्त्यात ते "विविधज्ञानविस्तार" आहे, "विविध ज्ञान विस्तार" आहे, आणि एका ठिकाणी "वि. ज्ञा. वि." आहे. वर्षभराच्या संचाला तिथे "पुस्तक" म्हणत, म्हणून कुणीतरी "पुस्तक ९" हे शीर्षक समजून नोंदवलं आणि ते "प"खाली पाठवलं. बांधीव खंड अख्खाच्या अख्खा एक पीडीएफ, आत कोणते अंक आहेत त्याचा पत्ता नाही. अंक हा खंडाचा भाग, खंड हा नियतकालिकाचा भाग, असा संबंध सांगायला मानकात रकाना आहे. पाचही ग्रंथालयांच्या ओळींत तो कोरा. चिपळूणकरांची निबंधमाला घ्या. तिचे अंक एकूण चौऱ्याऐंशी, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पाचांकडचे मिळून किती भरतात, हा एवढा सोपा प्रश्न मी तुमच्या तक्त्याला विचारला. उत्तर मिळालं नाही. ज्या तक्त्याला ते सांगता येत नाही तो कशासाठी केला होता? पाच ग्रंथालयांच्या कर्मचाऱ्यांनी धुळीत बसून पानं उलटली, नाजूक कागद जपून यंत्राखाली धरला. त्यांचं काम तुम्ही वाया घालवलंत.

विषयाच्या रकान्याबद्दल बोलत नाही. सगळीकडे "साहित्य" लिहिणाऱ्याशी विषयवर्गीकरणावर बोलायला रंगनाथनही बसले नसते.

तुमच्या सबबीही वाचल्या. "प्रत्येक ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर वेगळं आहे." असू दे. एकाकडे कोहा, एकाकडे ई-ग्रंथालय, एकाकडे डीस्पेस, एकाकडे नुसता एक्सेल. सगळ्यांतून नोंदी बाहेर काढता येतात. नोंदी एका संग्रहातून दुसऱ्यात आपोआप नेण्याचा ओएआय हा प्रोटोकॉल २००१-०२ पासून आहे. नेण्याची अडचण राहिलेली नाही. उलट भीती तीच आहे. खरगपूरच्या आयआयटीने उभारलेलं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय देशभरातल्या संस्थांच्या नोंदी गोळा करतं. तुमचं १८०५ उद्या तिकडे जाईल, तिथून कुणाच्या प्रबंधात, आणि मग कुणीतरी लिहील की मुंबईत निर्णयसागर १८०५ पासून चालू होता. संदर्भ म्हणून तळाला नाव तुमच्या पाच ग्रंथालयांचं.

दुसरी सबब, "ग्रंथालयं आपली पद्धत सोडायला तयार नाहीत." तुम्ही विचारलंत? मी त्यांच्यापैकी दोघांना फोन केला. त्यांना कुणी काही विचारलेलंच नाही. एका ग्रंथपालबाई म्हणाल्या, पोरांनी पेन ड्राइव्ह नेला तो अजून परत आलेला नाही. आधी तो परत करा. बाईंकडे जुन्या तालिकापत्रांचे खण आहेत. त्या पत्रांवर त्यांच्या आधीच्या ग्रंथपालांनी पेन्सिलीने लेखकांची खरी नावं लिहून ठेवली आहेत. हे तुम्हाला कळलं असतं, जर पेन ड्राइव्ह मागण्याआधी त्यांच्यासमोर दहा मिनिटं बसला असतात.

तिसरी सबब वेळेची. तिच्याबद्दल बोलण्यात मी वेळ घालवत नाही.

आता ऐका काय करायचं ते. तक्त्याला हात लावायचा नाही. आधी नियमांचा मसुदा करायचा, साध्या मराठीत, प्रत्येक रकान्यासाठी: काय लिहायचं, कुठून उतरवायचं, नसेल तर काय, दोन असतील तर काय, आणि प्रत्येकाला तुमच्याच फाइलमधलं एक अडचणीचं उदाहरण. गुळगुळीत उदाहरणं चालणार नाहीत. ज्ञानेश्वरी घ्या, मोडी कागद घ्या, अर्ध्या फाटक्या शीर्षकपृष्ठाचं पुस्तक घ्या. प्रत्येक निर्णयाखाली तो का घेतला आणि कुणाचा विरोध होता ते लिहा. तीन वर्षांनी तुमच्या जागी दुसरं कुणी असेल, त्याला नियमापेक्षा कारण जास्त उपयोगी पडतं. मग तो मसुदा घेऊन पाचही ठिकाणी जायचं, वाचून दाखवायचा, आणि तिथल्या ग्रंथपालांनी सुचवलेलं लिहून आणायचं. मग पाचांची बैठक. त्यानंतर थोड्याच नोंदी, प्रत्येक ग्रंथालयाच्या सारख्या, दोन वेगवेगळ्या जणांनी एकमेकांना न दाखवता भरायच्या. दोघांचं जुळलं नाही तिथे नियम कच्चा आहे, असं समजून परत लिहायचा. बाकीच्या हजारोंना तोवर कुणी शिवायचं नाही.

पहिली बैठक पाचांपैकी कुठे घ्यायची आणि तिथे कोण बोलणार, हे आत्ता, याच खोलीत ठरवा. मी दहा मिनिटांनी येते.